शेवटचा रकाना

कॉलेजात मी एक पत्रक काढलं होतं. सीनिअर्सचे तयार प्रोग्राम पेनड्राइव्हवरून फिरतात, मुलं त्यावर आपलं नाव टाकतात आणि परीक्षक न वाचता सह्या करतात, असं त्यात सरळ लिहिलं होतं. कळव्याच्या आमच्या घरात पलंगाखाली युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. वाचायला शिकण्याआधी मी त्यांच्या घड्या घालायला शिकले. त्यामुळे लिहिणं सोपं गेलं. आता अख्खा वर्ग माझा प्रोग्राम बघायला टपला होता, आणि तो प्रोग्राम वाकडा होता.

सापाचा खेळ, सी भाषेत. खेळणारा सांगेल तितके रकाने पडद्यावर पाडायचे, ही आमच्या कॉलेजच्या सरांची अट. तीस सांगितले की एकोणतीस नीट यायचे आणि शेवटचा दीडपट रुंद.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दुपारी प्रॅक्टिकलमधली माझी जोडीदार मैत्रीण वर्तकनगरहून आमच्याकडे आली.

"जाड बॉर्डर टाक ना उजवीकडे. झाकलं जाईल."

"झाकायचं नाहीये."

"मग नापास होऊ दोघी. त्यावर पण पत्रक काढ."

नुसती उठत होते, बसत होते. रकाना का बिघडतो ते मला ठाऊक होतं. पडद्याची रुंदी सहाशे चाळीस ठिपक्यांची. तिसाने भागलं की एकवीस आणि वर थोडं. पूर्णांकांच्या भागाकारात सी ते वरचं थोडं टाकून देतं. मी प्रत्येक रेघ मागच्या रेघेपासून एकवीस ठिपक्यांवर मारत होते. शेवटी दहा ठिपके उरत होते. त्यांचं काय करायचं, ते सुचत नव्हतं.

त्याच खोलीत पप्पा मोर्च्याचं कापड रंगवायला बसले होते. "टेप धर गं जरा," म्हणाले. मी अक्षरांच्या जागांवर खडूने खुणा करत गेले. ते बघत राहिले, मग ओल्या फडक्याने सगळ्या पुसल्या.

"मागच्या खुणेपासून मोजू नकोस. तिची चूक पुढचीला लागते. दर वेळी टोकापासून मोज. कितवं अक्षर, त्याला कापडाच्या लांबीने गुणायचं. एकूण अक्षरांनी भाग शेवटी द्यायचा."

मी टेप सोडून कीबोर्डकडे गेले. रेघेचा क्रमांक गुणिले सहाशे चाळीस, मग भागिले तीस. उरलेले ठिपके सगळीकडे विखुरले गेले. काही रकाने एकवीसचे, काही बावीसचे.

"आता एका ठिपक्यावरून भांडू नकोस," मैत्रीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रकान्यांचा आकडा दहा टाकला. दहाने पूर्ण भाग जातो. माझा कालचा वाकडा प्रोग्रामही इथे पास झाला असता. त्यांनी सही करायला पेनाचं टोपण काढलं.

"सर, तीस टाका ना."

मैत्रिणीने मला चिमटा काढला. मागून एकजण म्हणाला, "अगं बाई, सोड ना. अजून आम्ही आहोत रांगेत."

"का, दहात काय बिघडलं?" परीक्षकांनी विचारलं.

"दहाला माझी परीक्षाच होत नाही."

त्यांनी तीस टाकले. पडद्याजवळ वाकून पाहिलं. "सगळे सारखे आहेत?"

"नाही सर. एकेका ठिपक्याचा फरक आहे. कुठे आणि का, ते सांगते."

मैत्रिणीने डोळे मिटून घेतले. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली. "सांग."