नागद्वारच्या वाटेवरची झुणका-भाकर

नागपंचमी जवळ आली की आमच्या नागपूरच्या मोहल्ल्यातलं मंडळ पचमढीला निघतं. नागद्वारच्या डोंगरवाटेवर तंबू ठोकायचा आणि चालून दमलेल्या यात्रेकरूंना जेवू घालायचं, हा जुना नेम. या भंडाऱ्याचा कारभार माझ्या मोठ्या बाबांकडे, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाकडे. मोठ्या बाबांचा कारभार मोठ्या आईकडे.

एका वर्षी ती झऱ्यावर पाय धुवायला गेली आणि कोरड्याच पायांनी परत आली. पाण्यात आमच्याच थर्माकोलच्या पत्रावळी अडकल्या होत्या.

पुढच्या वर्षी तयारीला सगळे जमले तेव्हा तिने सांगून टाकलं, "औंदा पत्रावळ नाही, गिलास नाही. भाकर हातावर, झुणका भाकरीवर, पाणी ओंजळीत."

"अन् भात?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"घरी येऊन खा."

"अवं, भाताबिगर भंडारा असते का? लोकं हसतीन."

"हसू द्या. उपाशी तर नाही ना जातीन?"

आम्ही गेलो. पहिलेच आले ते खापा गावचे एक म्हातारे. "ताट कुठं आहे बाई?"

"हात पुढे करा जी," मोठी आई म्हणाली. ते बिचकले, उभ्याउभ्याच जेवले आणि तळहात चाटून पुन्हा हात पुढे केला.

दुपारी पाऊस लागला आणि गर्दी वाढली. भाकरी थापणाऱ्या आमच्या चौघीजणी. रांग पार वळणापलीकडे गेली. "म्हटलं होतं ना मी!" मोठे बाबा कडाडले. मलाही वाटलं, आता गाडी काढून पचमढीहून तांदूळ आणि पत्रावळी आणाव्याच लागणार. मोठी आई मान खाली घालून थापत होती. तेवढ्यात रांगेतल्या एका बाईने आपलं गाठोडं खाली ठेवलं, पदर खोचला आणि म्हणाली, "सरका वं जराशा."

तिच्यामागून तिची सासू आली, मग छिंदवाड्याच्या दोघी. एक मिशाळ गृहस्थही परातीशी बसला. त्याची एकही भाकर गोल झाली नाही, पण सगळ्या खपल्या. कुणाची भाकर जास्त फुगते यावरून बायांमध्ये असा वाद रंगला की रांगेतली माणसं पाऊस विसरून हसू लागली.

संध्याकाळी मी पोतं घेऊन तंबूमागे कचरा भरायला गेलो. कांद्याची सालं आणि बेसनाच्या रिकाम्या पिशव्या, एवढंच निघालं. मोठे बाबा मागे येऊन उभे राहिले, बघून गेले.

मी परतलो तेव्हा मोठी आई जेवायला बसली होती. तिच्या डाव्या तळहाताला तव्याचा चटका बसला होता, भाकर धरवत नव्हती. ती भाकर मोठ्या बाबांनी स्वतःच्या हातावर धरली होती आणि मोठी आई उजव्या हाताने तोडून तोडून खात होती.

"मीठ जास्त झालं का वं?" त्यांनी विचारलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "हात हलवू नका."