अजमतभाईंच्या गळ्यातला पट्टा

राजूरहून टेंभुर्णीकडे जाताना गाव संपलं की डाव्या हाताला एक पत्र्याचं दुकान लागतं. पाटी नाही. दारात जळक्या मोटारींचा ढीग आणि आत मान खाली घालून बसलेला एक माणूस. अजमतभाई विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेनं भरतात. तांब्याच्या तारेचे वेढे मोजताना त्यांचे ओठ हलत असतात आणि तेव्हा त्यांच्याशी कोणी बोलायचं नसतं. मी लग्न होऊन या गावात आले त्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. "झाली का हो आमची मोटार?" असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं, हातातले सगळे वेढे उलगडून टाकले आणि म्हणाले, "बसा भाभी. आता पहिल्यापासून." रागाचा लवलेश नाही. बाजूला त्यांच्या बायको मैमूनाभाभी चहाचा ग्लास घेऊन उभ्या होत्या. आकडा पूर्ण होईपर्यंत त्याही तशाच उभ्या राहिल्या.

चाळीस वर्षं हा माणूस विजेत हात घालून जगला. तारेत करंट आहे की नाही हे ते बोटाच्या पाठीनं बघतात.

या माघात त्यांच्याकडे एक वेगळंच काम आलं. माझ्या चुलतसासू, उषाकाकू, गावापासून दोन किलोमीटरवर, फाट्याला लागून, शेतातच राहतात. काका गेले, मुलगा हरिओम पुण्यात. काकूंच्या सोबतीला एक तांबूस कुत्रा, नाव कंडक्टर. फाट्यावर एसटी थांबली की हा धावत जाणार, चढणाऱ्या उतरणाऱ्या प्रत्येकाला हुंगणार आणि गाडी सुटली की माघारी येणार. रस्ता लहान होता तोवर हे कौतुकाचं होतं. रस्ता सिमेंटचा झाला, रुंद झाला, आणि गाड्या वाऱ्यासारख्या पळायला लागल्या. दिवाळीत एका टेम्पोनं त्याला उडवलं. तीन आठवडे तो लंगडत होता. पाय बरा झाला तसा पहिल्या गाडीला पुन्हा हजर.

बांधून पाहिलं तर दोन दिवस त्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. हरिओमनं फोनवर स्पष्ट सांगितलं, "आई, त्या वस्तीवर तुझ्या सोबतीला एवढं एक कुत्रं. तेही गेलं तर मी तुझं काही ऐकणार नाही. सामान बांधायचं आणि इकडं यायचं." काकू एकदा महिनाभर राहून आल्या होत्या पुण्याला, दहाव्या मजल्यावर. त्या महिन्याबद्दल त्या कधी बोलत नाहीत.

मग हरिओमनंच एक खोकं पाठवलं. त्यात तारेचं भेंडोळं, भिंतीला लावायची एक डबी, पांढऱ्या चिमुकल्या झेंड्या आणि गळ्यात घालायचा पट्टा. तार अंगणाभोवती मातीत पुरायची. पट्टा घातलेला कुत्रा तारेजवळ गेला की पट्ट्यातून आधी बारीक शिटी वाजते. तरी पुढे गेला तर झटका बसतो. कुंपण आहे, पण दिसत नाही.

"म्हंजे रानडुकरांसाठी लावतेत तसलं?" काकूंनी विचारलं.

"तसलंच, पण लहान लेकरू समजा आक्का," अजमतभाई म्हणाले. "बिलकुल फिकीर करू नका. बराबर करून देतो."

दोन दिवस ते चार बोटं खोल चर काढत होते. मी दुपारी डबा घेऊन जायची आणि तिथंच रेंगाळायची. मोसंबीला बहार लागला होता. वास इतका दाट, की वाटे हात लावला तर बोटांना चिकटेल. त्या वासात एक माणूस उकिडवा बसून पुढे पुढे सरकतोय आणि त्याच्यामागे माती मिटत जातेय. तार दिसायची, मग दिसेनाशी व्हायची. शेवटी अंगण जसं होतं तसंच पडून राहिलं. कोंबड्या त्या रेघेवरून इकडून तिकडे गेल्या, शाळवाच्या कणसांवरून उठलेली पाखरं तिच्यावरून गेली, ढगाची सावली गेली. कोणालाच काही कळलं नाही. मला मात्र उगाच तिथून पाय उचलून टाकावासा वाटायला लागला.

तारेच्या रेघेवर झेंड्या रोवल्या तसा शेजारच्या शेतातला भुजंग गाडी थांबवून ओरडला, "काकू, मोजणी आली का काय? अजून रुंद करून राह्यलेत का रस्ता?"

"तुझ्या घरातून जाणार हाय आता! जा, बायकोला सांग!" काकू म्हणाल्या. भुजंग खरंच घाबरून गेला.

खोक्यातली चिठ्ठी इंग्रजीत होती. ती मी वाचून दाखवली. पट्ट्याला एक ते पाच आकडे आहेत, कमी आकड्यापासून सुरुवात करा. अजमतभाईंनी मान हलवली. पट्ट्याच्या आतले, झटका देणारे दोन खिळे तळहातावर दाबून धरले आणि रेघेवर जाऊन उभे राहिले. "एकला काहीच न्हाई. दोनला काहीच न्हाई. तीन... मुंगी बी याच्यापेक्षा जोरात चावती." चारवर त्यांना थोडं काही जाणवलं. "हां. हे ठीक हाय. जनावराला समजंल, दुखणार न्हाई."

चहा आला. चुलीवरून नुकताच उतरवलेला, त्यामुळे ग्लास मला पदरानं धरावा लागला. त्यांनी नुसत्या मुठीत धरला आणि गप्पा मारत राहिले. मी ते पाहिलं. पाहून सोडून दिलं.

काकूंनी कंडक्टरला दोरी लावून झेंडीकडे नेलं. तो शेपटी हलवत निघाला होता. शिटी वाजली, त्यानं कान टवकारले, आणखी एक पाऊल टाकलं आणि तो माणसासारखा किंचाळला. हिसका मारून दोरी सोडवली आणि घरात बाजेखाली शिरला.

अजमतभाई तसेच उभे. हातातला चहा सांडलेला त्यांना कळला नाही.

तीन दिवस झाले तरी कंडक्टर बाजेखालून निघाला नाही. एसटी आली, गेली. भाकरी तिथंच वाळली, पाण्याला काकू ओंजळीनं लावायच्या तेवढंच. पट्टा त्याच दुपारी काढून ठेवला होता, पण अंगणच आता त्याला चावत होतं.

"रस्त्यानं एका दमात मेला असता," काकू म्हणाल्या, "आता रोज थोडा थोडा मरून राह्यला रे अजमत. हरिओमला काय सांगू?"

त्या संध्याकाळी अजमतभाईंनी घरी ही गोष्ट सांगितली, तेव्हा मैमूनाभाभी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "तुमारे हाताँ कू कुछ लगता क्या? गरम तवा उठाते तुम! मेरेकू लगाके देखना था ना!" हे मला भाभींनीच दुसऱ्या दिवशी दुकानात सांगितलं. अजमतभाई खाली बघून ऐकत होते. मग म्हणाले, "रात्री वस्तीवर गेलो, रेघेवर उभं राहून पट्टा नरड्याला लावला भाभी. चारवर. जमिनीवर बसलो मी. इतके साल हात सांभाळून काम केलं म्हणून फुशारकी मारत आल्तो. हात तर कवाच मेले होते."

दुकानाला त्यांनी फळी लावली. ऐन पिकांना पाणी द्यायचे दिवस, मोटारींचा ढीग दारात, आणि हा माणूस वस्तीवर. पट्ट्याचा झटका त्यांनी कायमचा बंद केला, फक्त शिटी ठेवली. मग तो पट्टा स्वतःच्या गळ्यात बांधला.

बाजेखालून दिसेल अशा बेतानं ते अंगणातून चालत झेंडीपर्यंत जायचे. शिटी वाजली की थांबायचे. वळायचे. दोन पावलं मागे येऊन खिशातला भाकरीचा तुकडा तोंडात टाकायचे. मग पुढची झेंडी. असं साऱ्या अंगणाला वळसा. दाढी पिकलेली, गळ्यात कुत्र्याचा पट्टा. एसटीतली माणसं खिडकीतून वाकून बघायची. भुजंगानं तर गाडी बंद करून विचारलं, "अजमतभाई, आक्कानं तुम्हाला पाळलं का काय?"

"हाव," ते म्हणाले. "दोन टाइम भाकर देती. तू बी ये."

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी मी ओसरीवर तुरी पाखडत बसले होते. ऊन तिरकं झालं होतं आणि मोसंबीच्या वासानं डोळे जड होत होते. चालणं, शिटी, वळणं. पुन्हा चालणं. बघता बघता अंगण पाण्यासारखं वाटायला लागलं आणि तो माणूस काठाकाठानं पोहत असल्यासारखा. डोळा लागला की काय माझा, कोण जाणे. बघते तर बाजेखाली कोणी नव्हतं. उंबऱ्याच्या बाहेर दोन तांबूस पंजे होते.

अजमतभाईंनी वळून पाहिलं नाही. त्यांची चाल तीच राहिली. पुढच्या फेरीला कंडक्टर त्यांच्या मागे होता, पोट जमिनीला घासत. शिटी वाजली तसा तो थरथरला. ते थांबले, हाही थांबला. ते वळले, हा त्यांच्याआधी वळला. तुकडा त्यांनी या वेळी तोंडात टाकला नाही, नुसता खाली सोडला.

पुढचे आठ दिवस दोघं तसेच हिंडत होते. मग पट्टा त्याच्या गळ्यात गेला. अजमतभाई त्याच्यासोबत रिकाम्या गळ्यानं चालायचे, शिटी ऐकून दोघंही वळायचे.

शुक्रवारी भोकरदनची गाडी फाट्याला लागली. हॉर्न वाजला आणि कंडक्टर सुटला. काकूंच्या हातातलं सूप खाली पडलं. अजमतभाई अर्धे उठले आणि तसेच राहिले. तो सरळ झेंडीपर्यंत धावला आणि शिटीवर चारही पायांनी थांबला. तिथून गाडीकडे बघून दोनदा भुंकला. माणसं उतरली, चढली, गाडी निघून गेली. तो वळला, काकूंच्या पायापाशी आला आणि सांडलेल्या तुरी हुंगायला लागला.

काकूंनी फोन लावला. "हरिओम, ऐक. मी काही तिकडं येत न्हाई." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "का म्हंजे? इथं माझी माणसं हायेत."

अजमतभाई उठून झेंड्या उपटायला लागले होते. एकेक झेंडी काढून बगलेत धरत होते, आणि कंडक्टर त्यांच्यामागून, न दिसणाऱ्या रेघेच्या आतल्या अंगानं, चालत होता.