पावडर लावलेले पाय

पवित्र गुरुवारी आमच्या चर्चमध्ये बारा जणांना खुर्च्यांवर बसवतात आणि फादर त्यांचे पाय धुतात. येशूने शिष्यांचे धुतले होते, त्याची ही आठवण. बारांत नाव येणं हा मोठा मान. आणि मान मिळालेला माणूस काय करतो, तर दुपारपासून घरी पाय घासत बसतो. माझे बाबा दगडाने टाचा घासायचे, नखं कापायचे, वर पावडर लावून नवे मोजे चढवायचे. फादरांच्या हाताला आपली घाण लागता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. मग फादरांनी धुवायचं काय, असं मी एकदा विचारलं, तर आठवडाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले.

बाबा भाविक होते, त्यात खोट नव्हती. उपवासकाळात मटण बंद. सुरमई चालायची, कारण मासे म्हणजे मटण नव्हे. संध्याकाळच्या प्रार्थनेत आम्ही अपराध्यांना क्षमा करतो हे वाक्य आलं की त्यांचा आवाज चढायचा, शेजारच्या काकांना ऐकू जाईल इतका. काका म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ. बांधावरचा एक माड कुणाचा, यावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. प्रार्थना संपली की बाबा खिडकीतून वाकून बघायचे, नारळ कुठल्या बाजूला पडलाय ते. काकाही कमी नव्हते. रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत, फादर एकमेकांना शांती द्या म्हणाले की दोघे भाऊ पाठ फिरवून मागच्या बाकावरच्यांशी हात मिळवायचे.

अशात ईस्टरनंतरचं माझं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला नारळाचं दूध लावतात, त्याला रोस म्हणतात. घरातल्या थोरल्याने पहिला हात लावायचा. काकांच्या खांद्यावर बसून मी लहानाची मोठी झाले होते. ते नसतील तर मला रोसच नको, असं मी सांगून टाकलं. बाबा म्हणाले, त्याचा पाय या घराला लागणार नाही. मला फार वाईट वाटलं, आणि बाबांचा रागही आला.

त्या वर्षी फादर नवे होते, त्यांना आमची भांडणं ठाऊक नव्हती. ते म्हणाले, मी फक्त पहिल्याचे पाय धुतो, पुढे प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याचे धुवावेत. बारांत काकांचंही नाव होतं. हापूसची काढणी चालू होती, त्यामुळे ते बागेतून तसेच, उशिरा आले. रिकामी खुर्ची एकच उरली होती, बाबांच्या शेजारची.

बाबांचे पाय धुऊन झाले तेव्हा पाण्यावर नुसती पावडर तरंगली. मग परात बाबांच्या हातात आली. सगळं चर्च बघत होतं, त्यामुळे उठून जाताही येईना. ते काकांसमोर गुडघे टेकून बसले. काकांच्या पायांना तांबडी माती, आंब्याचा चीक, टाचांना बोटभर भेगा. पाणी लालभडक झालं. गायन संपलं तरी बाबा चोळतच होते. मी पुढच्याच बाकावर होते, म्हणून मला ऐकू आलं.

"दादा, आयशीच्या टाचा अशाच फुटायच्या रे."

काकांनी ओल्या पायांनी तसंच बसून बाबांच्या डोक्यावर हात ठेवला.

रोसाच्या सकाळी काका नारळ घेऊन अंगणात आले. पाय धुवायला पाण्याचा तांब्या बाबांनीच पुढे केला.

"माझ्या माडाचे आहेत," काका पाय धुता धुता म्हणाले.

"आपल्या माडाचे म्हण," बाबा म्हणाले.

नारळ सोलताना दोघांची पुन्हा जुंपली. आई मध्ये पडायला निघाली, तर मी तिचा हात धरून तिला थांबवलं. इतक्या वर्षांनी ते एकमेकांशी भांडत होते, आणि मला ते ऐकत बसायचं होतं.