खोताच्या पिक्चरमधलं पाणी

ऐंशीनंतर कधीतरी मुंबईहून तीन दाढ्या आमच्या भिसेगावच्या घरी आल्या. दाढ्यांना माणसं जोडलेली होती, पण लक्षात राहिल्या त्या दाढ्या आणि शबनम पिशव्या. कुठल्याशा फिल्म क्लबातली मुलं होती ती. त्यांनी बाबांच्या पाया पडायचा प्रयत्न केला, तो बाबांनी हाणून पाडला, आणि मग ती मुलं ओटीवर बसून बाबांनाच बाबांचा पिक्चर समजावून सांगू लागली.

पिक्चर म्हणजे खोताचा पिक्चर. त्याला रीतसर नाव होतं, पण ते ज्या पहिल्या रिळात होतं ते रीळ पुढं कुठल्याशा गोदामात भिजून गेलं. तेव्हापासून तो बिननावाचाच चालतो. माझं काम नेमकं त्याच रिळात होतं, हे जाता जाता सांगून ठेवते. मुंबईत म्हणे हा पिक्चर लागला की पोरं रांगा लावतात आणि खोत विहिरीतून वर आला की पडद्याबरोबर संवाद म्हणतात. आमच्याकडं तो आला तेव्हा लोक खोताला शिव्या घालत होते. तेही एका अर्थी कौतुकच होतं.

सगळ्यांत लांब दाढीनं विचारलं, पाटील पाणी मागतो आणि पाणी जमिनीवर सांडतं, तो शॉट दिग्दर्शकाला सुचला कसा? त्या एका शॉटमध्ये अख्खा भयपट उलटा होतो, असं त्याचं म्हणणं होतं. बाबा म्हणाले, सुचला नव्हता, निगेटिव्ह संपलं होतं. मुलांना हे उत्तर मुळीच आवडलं नाही. एवढ्या लांबून आल्यावर माणसाला निदान एखादं प्रतीक तरी मिळायला हवं. ती गेल्यावर मला वाटलं, खरं काय झालं ते कुणीतरी लिहून ठेवावं, म्हणून हे.

आधी पिक्चरची गोष्ट. एका गावचा खोत विहिरीत पडून मरतो आणि भूत होऊन रोज दिवेलागणीला वर येतो. लोकांच्या मानेला दात लावून रक्त पितो. पण मेला तरी खोतच. दात लावायच्या आधी विचारतो, कुणाचा रं तू? समोरचा महारवाड्यातला निघाला की चार पावलं मागं सरतो आणि विटाळ झाला म्हणून पुन्हा विहिरीत उडी मारून अंघोळ करतो. हे गावाच्या लक्षात येतं, आणि दिवे लागले की पाटील, कुलकर्णी, वाणी सगळे वळकट्या काखोटीला मारून महारवाड्यात झोपायला येतात. तिथलीच भाकरी खातात, तिथल्याच बायकांना केर नीट काढला नाही म्हणून बोलतात, आणि उजाडलं की घरी जाऊन अंगावर गोमूत्र शिंपडून घेतात. शेवटी भुकेनं कासावीस झालेल्या खोताला शास्त्राधार सापडतो, की पाणी चालत नसलं तरी रक्त चालतं. तिथून पुढं नुसती धमाल आहे.

हे सगळं शूट झालं कर्जत आणि खालापूरच्या मधल्या आमच्याच गावात, सत्तरच्या दशकात. दिग्दर्शक मुंबईचा होता आणि संध्याकाळीसुद्धा काळा चष्मा घालायचा. त्याच्याकडं एक खोत होता, एक नायिका होती, आणि बाकी अख्खा गाव त्याला आमच्यातूनच जमवायचा होता. आमच्या वस्तीतल्या माणसांना त्यानं महारवाड्यातली कामं देऊ केली. त्यावर विहारात बैठक बसली. ठरलं ते असं, की सिनेमात का होईना, काठी हातात घ्यायची नाही आणि कमरेत वाकायचं नाही, ते सगळं आपण छप्पन साली सोडून आलो. मग मागून कुणीतरी विचारलं की पाटलाचं काम मिळंल का, आणि बैठकीचा नूरच बदलला.

तिकडं गावातल्या जुन्या घरांनी गोष्ट ऐकून कानाला हात लावला होता. महारवाड्यात जाऊन पाणी मागायचं, तेही कॅमेऱ्यासमोर, आणि मग ते तालुकाभर दाखवायचं, हे त्यांना पटेना. मात्र महाराचं काम करायला त्यांची ना नव्हती. देवळातल्या भटजींनी तसा निकालच दिला: सोंग अंगावर असतं, ते धुता येतं, पाणी पोटात जातं. तेव्हा पाटील, कुलकर्णी आणि वाणी आमच्या वस्तीतून भरती झाले आणि महारवाडा गावातल्या आळीतून. काळ्या चष्म्याला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. बाबांचा गोरा रंग आणि सरळ नाक बघून तो सगळ्यांना सांगत सुटला, "खानदानी पाटील मिल गया." बाबा कर्जत स्टेशनात पार्सल ऑफिसात क्लार्क होते. त्यांच्या आजोबांनी गावाची मेलेली ढोरं ओढली होती.

मी कुलकर्ण्यांची सून झाले आणि पहिल्याच रिळात मेले. तेवढंच माझं काम. एक दिवसभर विहिरीच्या कडेला मानेला लाल रंग लावून पडून राहायचं होतं आणि तोंडावर माशी बसली तरी हलायचं नव्हतं. आईनं घरून डबा आणला होता आणि दर कट झाला की प्रेताला भाकरीचा तुकडा भरवत होती.

भटजींना हातात काठी घेऊन जोहार घालायचा होता. तो त्यांना जमेना, कारण जन्मात घालायची वेळ आली नव्हती. बाबा मोठ्या आवडीनं शिकवायला बसले. कंबरेतनं नाय, मानेतनं, अजून खाली, अजून, डोळं वर नाय करायचं, असं त्यांनी भटजींना अख्खी सकाळ वाकवलं. मी बाबांना इतकं सुखी क्वचितच बघितलं असेल. भटजी बिचारे मन लावून शिकले आणि पुढं पिक्चरमध्ये सगळ्यांत उत्तम काम त्यांचंच झालं. मात्र रोज संध्याकाळी घरी गेले की बायको त्यांना मागच्या दारी अंघोळ घालूनच आत घ्यायची. ज्यानं ही गोष्ट लिहिली त्याला हे कळवायला हवं होतं, बिचाऱ्याला वाटलं असेल आपण फार अतिशयोक्ती केली.

आता बाबांचं सांगायला हवं. दीक्षेच्या प्रतिज्ञा बावीस, पण बाबांच्या तेवीस होत्या. तेविसावी त्यांची स्वतःची: वरून ओतलेलं पाणी प्यायचं नाही. लहानपणी गावच्या पाणवठ्यापासून लांब उभं राहून, कुणाला दया येईल तोवर वाट बघून, ओंजळ धरून ते पुष्कळ पाणी प्यायले होते. आता बस झालं म्हणाले. ही प्रतिज्ञा त्यांनी इतकी कडक पाळली की स्टेशनच्या नळालासुद्धा ओंजळ लावायचे नाहीत, तांब्या भरून घ्यायचे. आता काय नळाशी पण भांडाण, असं आई म्हणायची. त्यावर बाबा म्हणायचे, भांडाण नाय, सवय मोडतोय.

पिक्चरमध्ये पाटील पहिल्यांदा महारवाड्यात येतो, एका म्हातारीच्या दाराशी पाणी मागतो, ती त्याच्या हातात तांब्या देते आणि तो पितो, असा प्रसंग होता. पाटील म्हणजे बाबा. म्हातारीचं काम बाईंकडं आलं होतं. बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या बाई, गावातल्या जुन्या घरातल्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. तरुणपणी त्यांना नाटकात काम करायची फार हौस होती आणि घरच्यांनी करू दिलं नव्हतं. शुद्धलेखनासाठी मला कान धरून उभं केलं ते त्यांनी, आणि परीक्षेला स्वतःचं पेन दिलं तेही त्यांनीच. मी असलं काही मानत नाही, असं त्या वर्गात सांगायच्या आणि ते खोटं नव्हतं. तहान लागली की शिपायाला न सांगता त्या स्वतः उठून माठातलं पाणी आमच्या ओंजळीत घालायच्या. वर्गातल्या सगळ्याच मुलांना ओंजळ धरावी लागते, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

तालमी झाल्या त्या रिकाम्या तांब्यावर. पाटलानं हात पुढं केला, म्हातारीनं तांब्या हातात ठेवला, काळा चष्मा खूश झाला. मग संध्याकाळी, उजेड उतरायला लागल्यावर, पाणी भरून पहिला टेक झाला. बाबा दाराशी आले, पाणी मिळंल का म्हणाले, हात पुढं केला. बाईंनी तांब्या उचलला आणि हात खांद्याच्या वर नेऊन पाणी ओतलं.

दिग्दर्शक ओरडला, कट, हात में दो बाई, हात में. बाई हसल्या, चुकलं म्हणाल्या, घाबरायला होतंय म्हणाल्या. दुसरा टेक झाला. पुन्हा हात वर गेला. भरलेला तांब्या आणि समोर आमच्यातला माणूस, एवढं जमलं की त्यांचा हात आपोआप वर जात होता. आमच्या वस्तीचे सगळे पाटील-कुलकर्णी तिथं उभे होते, त्यांच्या ते पहिल्याच टेकला ध्यानात आलं. आळीतला महारवाडाही उभा होता, त्यांना काही वावगं दिसलं नाही.

मी विहिरीजवळून बाबांकडं बघत होते. त्यांना पिक्चर पुरा व्हायला हवा होता, आयुष्यात इतकी मजा त्यांना दुसऱ्या कशात आली नव्हती. आणि ते निघून गेले असते तर वस्तीतले सगळेच गेले असते. एक ओंजळ धरली की काम भागत होतं. कॅमेरावाल्यानं बोटांनी खूण केली की निगेटिव्ह आता एवढंच उरलंय, आणि उजेडही तेवढाच होता.

तिसरा टेक. बाबांनी हात पुढं केला. बाईंनी ओतलं. बाबांनी ओंजळ केली नाही आणि हातही मागं घेतला नाही. पाणी त्यांच्या पावलांवर पडलं, मातीत गेलं. ते तसेच उभे राहिले, हात पुढं करून, बाईंच्या तोंडाकडं बघत. दिग्दर्शक कट म्हणायचं विसरला. बाईंनी खालच्या ओल्या मातीकडं बघितलं, रिकाम्या तांब्याकडं बघितलं, वळून माठातून पुन्हा भरून घेतला आणि बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. त्यांना पुढं एक वाक्य होतं, ते ते बोललेच नाहीत. मग कॅमेरा आपोआप थांबला.

बाई दिग्दर्शकाला सांगत होत्या की पहिलंच काम आहे, हात थरथरला. त्यांना खरोखर तसंच वाटत होतं. बाबांनी धोतराच्या सोग्यानं पाय पुसले आणि भटजींकडं तंबाखू मागितली.

पुढं बऱ्याच दिवसांनी तो पिक्चर शिळफाट्याजवळच्या शेतात तंबूत लागला. संध्याकाळच्या पहिल्या खेळाला आम्ही वस्तीतले एका टेंपोनं गेलो, आळीतले जीपनं. मी मेले तेव्हा आईनं डोळ्यांना पदर लावला, शेजारी मी जिवंत बसलेली असून. खोत अंघोळीला उडी मारायचा तेव्हा तंबू हसून हसून फाटायची पाळी येत होती. भटजींनी जोहार घातला तर आमच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. आणि मग ते दार आलं, तो तांब्या आला, पाणी खाली पडलं. कापडाच्या पडद्यावर बाबांचा हात तेवढा पुढं होता, आणि तो किती वेळ पुढं होता हे मला तिथं कळलं. बाईंनी तांब्या हातात दिला तेव्हा मागून कुणीतरी म्हातारा मोठ्यानं म्हणाला, आता पी रं बाबा.

खेळ सुटल्यावर आम्ही टेंपोपाशी उभे होतो. बाई गर्दीतून वाट काढत एकट्याच आल्या. मला वाटलं अभिनंदन करायला आल्या असतील. त्या बाबांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पार्सलबाबू," त्या म्हणाल्या, "मी अशी ओतते का?"

बाबांनी मान डोलावली.

"मला माहीतच नव्हतं हो."

"तुमाला कसं माहीत असणार, बाई," बाबा म्हणाले. "तुमी ओतीत होता. पीत आमी होतो."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. काहीतरी विचारायचं होतं त्यांना, पण विचारलं नाही, आणि त्या जीपकडं गेल्या. मला एकदम त्यांची दया आली आणि दया आली म्हणून रागही आला.

टेंपोत आई बाबांवर घसरली. एवढं तोंडावर बोलायची काय गरज हुती, बाई मनानं चांगली हाय, आपल्या पोरीला शिकवलंय तिनं.

"चांगल्या हायेत म्हणून तर इचारलं त्यांनी," बाबा म्हणाले. "आजपातुर दुसऱ्या कुणी इचारलं का, सांग."

आई आठवून बघायला लागली. टेंपो भिसेगावात शिरला तरी तिला कुणी आठवलं नव्हतं.