बेचाळीस कुलपं

नागरिक: पुरुष, वय एकसष्ट. व्यवसाय: कुलूप दुरुस्ती. क्रांतीतील योगदान: पहिल्या आठवड्यात बेचाळीस घरांची कुलपे बदलली. अपत्ये: एक मुलगी. निष्ठा: वादातीत.

फायलीत एवढंच होतं. त्या घरांचे मालक पळाले की पळवले गेले, हे विचारायचा रिवाज नव्हता. घरं लढणाऱ्यांना मिळाली. तिसऱ्या मजल्यावरचं न्यायाधीशाचं घर कुलूपवाल्याच्या वाट्याला आलं. तेव्हापासून गल्लीत सरकारविरुद्ध कुणी चकार शब्द काढत नसे. भीती होतीच. पण सरकार गेलं तर जुने मालक दारात येऊन उभे राहतील, हेही प्रत्येकानं मनाशी जोखलं होतं.

मुलगी चिडायची. "बाबा, तीस वर्षं झाली. कुणी तोंड का उघडत नाही?"

"तू रांगलीस ती खोली कुणाची होती, माहितीय?"

"म्हणजे घरासाठी गप्प?"

"घर सोडून जायचं कुठं, ते सांग आधी."

एका दुपारी सुरक्षा खात्याचा साहेब दुकानात आला. जुना सोबती. लढाईत त्याच्या पायाला गोळी लागली, तेव्हा कुलूपवाल्यानंच त्याला पाठुंगळी घेऊन नदीपार आणलं होतं.

"चल रे, एक दार उघडायचंय. आत पत्रकं छापतायत."

छापखान्याच्या जिन्यावर चार शिपाई उभे होते. साहेब कानाशी आला. "तुझी पोरगीही आत आहे. दार फोडलं तर गोळी चालेल. म्हणून तुला आणलं. उपकार समज."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर मी तुला ओळखत नाही. मग उद्या मलाही कुणी ओळखणार नाही. आपलं सगळं असंच टिकलंय, गड्या."

कुलूपवाला गुडघ्यावर बसला. तार आत सरकवली. पहिला खटका सुटला, दुसरा सुटला. तिसऱ्याशी हात अडला. साहेबानं घड्याळ पाहिलं. एका शिपायानं बंदूक खांद्यावरून उतरवली.

"जमत नाही का रे? म्हातारा झालास."

"गंज चढलाय," कुलूपवाला म्हणाला, गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्यानं.

आतली कुजबुज थांबली. मग दारापलीकडून, अगदी जवळून आवाज आला, "बाबा, बाजूला हो."

अहवालात नोंद झाली: 'सदर नागरिकाने तत्परतेने दार उघडून निष्ठा पुनश्च सिद्ध केली.'

दार मुलीनं आतून उघडलं होतं.