कॉलरवालीने मशीन हलवलं नाही

शर्टाच्या कॉलरी तिच्याइतक्या टोकदार कारखान्यात कुणी वळवत नसे, म्हणून सगळे तिला कॉलरवाली म्हणत. शाळेत मात्र तिचं नाव होतं मासळी. घामाला मासळीचा वास यायचा. आईने साबण घासघासून कातडी सोलून काढली, पोरींनी बाक बदलले. वास काही हटला नाही. मोठेपणी एका डॉक्टरणीने छडा लावला. अंडी, कलेजी, सोयाबीन यांत कोलीन नावाचं पोषक द्रव्य असतं. त्यापासून पोटात एक वासाचा पदार्थ तयार होतो. इतरांचं यकृत त्याचा वास घालवतं, हिचं ते करत नव्हतं. तिने असलं खाणं जवळजवळ सोडलं, वास विरला. नोकरी लागली, लग्न झालं.

मग तिला दिवस गेले. डॉक्टरीण म्हणाली, "बाळाच्या मेंदूला, मणक्याला कोलीन लागतं. आता अंडी टाळू नकोस."

"आणि वास?"

"येईल."

घरी येऊन तिने अंडी उकडायला ठेवली. सासू म्हणाली, "अगं, निदान सुट्टीच्या दिवशी खा. चार लोकांत नाक कापलं जाईल."

"बाळ काय सुट्टीच्या दिवशीच वाढतं, आई?" म्हणत तिने बलकासकट अंडं तोंडात टाकलं.

थोड्याच दिवसांत कारखान्यात नाकांना रुमाल लागले. मुकादम गोड आवाजात म्हणाला, "ताई, तुमचं मशीन मागे गोदामात हलवतो. शांतता आहे तिथे."

गोदामाला ना खिडकी, ना पंखा.

"मशीन इथेच राहील," ती म्हणाली. "मी रोज अंघोळ करून येते. हा वास माझ्या अंगातलाच आहे, तो कुणाला चिकटत नाही. ज्याचं नाक नाजूक असेल त्याने जावं गोदामात."

"तक्रारी आल्यात."

"मग तक्रारवाल्यांना माझ्यासमोर बोलवा. शाळेत मी गप्प बसले. आता नाही बसणार."

कुणी पुढे आलं नाही. शेजारी बाह्यांचे कफ शिवणारी कफवाली, कायम नाकाने कांदे सोलणारी, तेवढी उठून दुसऱ्या रांगेत गेली. हिने मान वर न करता पुढची कॉलर सुईखाली सरकवली. जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच बसली आणि सगळ्यांच्या देखत तिने अंडं सोललं.

मुलगी झाली, रडून दवाखाना डोक्यावर घेणारी. रजा संपवून परतल्यावर तिने मुकादमाला आधीच सांगून टाकलं, "अंगावर पाजतेय, तेव्हा अंडी चालूच राहतील."

तो खिडकी उघडायला गेला.

"दुसरीही उघडा," ती म्हणाली, "उकडतंय सगळ्यांनाच."