लटकत्या चाकांचं माप

मुलाच्या कोचिंगसाठी बायको त्याच्यासोबत संभाजीनगरला खोली करून राहायला गेली, ही गोष्ट घडली तेव्हा तिला जाऊन सतरा महिने झाले होते. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी मी तिकडे जायचो. बाकीचे दिवस नऊ ते सहा दुकान, सहा ते आठ मित्राचं गॅरेज, मग घर. सुरुवातीला कणीक रोज जास्तीची मळली जायची. दोन पोळ्यांचं प्रमाण हाताला बसायला तीन आठवडे लागले.

माझं दुकान जानेफळात आहे, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पाइपांचं. पाइप मापानं कापायचा, टोकाला नट दाबून बसवायचा आणि कुठे घासणार नाही, तापणार नाही, अशा वाटेनं नेऊन बांधून द्यायचा. बावीस वर्षं मी हेच करतो आहे.

मित्राचं गॅरेज दोन दुकानं सोडून. पाचवीपासून आम्ही एका वर्गात होतो. त्यानं एक जुनी छोटी कार शर्यतीसाठी तयार केली होती. बंद धावपट्टीवर दोन गाड्या शेजारी उभ्या करतात, दिवा हिरवा झाला की चारशे मीटर सरळ पळायचं, एवढीच ती शर्यत. त्यासाठी त्यानं नायट्रसची बाटली आणली. हा गॅस सोडला की इंजिनात जास्त पेट्रोल जाळता येतं आणि काही सेकंद गाडीला वाढीव ताकद मिळते. बाटली डिक्कीत, इंजिन पुढे, मधे स्टीलच्या जाळीचा चौदा फुटी पाइप. तो पाइप न्यायचं काम त्यानं मला दिलं.

"टेप तुह्याजवळ, भेजाबी तुह्याजवळ," तो म्हणाला. "मी फक्त ॲक्सिलेटर दाबतो."

भरलेल्या बाटलीत चौरस इंचाला नऊशे पौंडांच्या आसपास दाब असतो. पाइप फुटला तर बाहेर येणारा गॅस इतका थंड असतो की कातडी जळते, आणि कुठे ठिणगी पडली तर आग भडकवायला तो मदतच करतो. म्हणून मी पाइप आतून नेला नाही, गाडीच्या पोटाखालून नेला. सायलेन्सर उजव्या बाजूला होता, मी डावी धरली. बॅटरीच्या वायरीपासून लांब ठेवला. पत्र्यातून जिथे जातो तिथे रबरी बुश बसवला, दर फुटाला रबर लावलेली क्लिप. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या एक्सलवरून पाइप जात होता, तिथे दोघांमधलं अंतर साडेअकरा सेंटिमीटर भरलं. वहीत लिहिलं. मी आकडा सांगायचो आणि तो लगेच ड्रिल लावायचा. दुसऱ्यांदा कधी विचारायचा नाही. त्या दोन तासांसाठी मी दिवसभर दुकानात बसत होतो, असं म्हटलं तरी चालेल.

काम शनिवारी संपलं. रविवारी दुपारी तीनला भरलेली बाटली बसवून, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात पहिली चाचणी घ्यायची असं ठरलं. तो दुसरा रविवार होता, त्यामुळे मी नसणार होतो.

सकाळी मी माझ्या गाडीच्या डिक्कीत पन्नास किलोचे दोन कट्टे गहू ठेवले. टायरात हवा पाहावी म्हणून वाकलो. नेहमी टायर आणि मडगार्डमध्ये माझी चार बोटं जातात. आता दोन जेमतेम गेली. मी एक कट्टा खाली उतरवला. तीन बोटं गेली.

तिथेच पायरीवर बसलो. ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलला स्प्रिंग नसते. तो धडालाच बोल्टनं बांधलेला असतो. जॅकवर उचला नाहीतर जमिनीवर ठेवा, माप तेच येतं. मित्राची गाडी मी जॅकवर मापली होती, चाकं खाली लटकत असताना. गाडी चाकांवर उभी राहिली की एक्सल वर येतो. त्यात माणूस बसला, बाटली बसली आणि सुटताना मागचा भाग दबला, तर माझे साडेअकरा सेंटिमीटर कुठे जाणार होते?

मित्राला फोन लावला. सहा वेळा वाजला, त्यानं उचलला नाही. कट्टा परत डिक्कीत टाकून मी गॅरेजवर गेलो.

"गेला नाही काय बे? वहिनीनं हाकललं का काय?"

"बाटली लावली?"

"तीन वाजता लावतो. काऊन?"

"लावू नको. मह्यं माप चुकलं."

तो हसला. मी कारण सांगितलं तेव्हा हसायचा थांबला.

"काल इथून चौकापर्यंत गाडी नेली मी," तो म्हणाला. "मले तं काही लागलं नाही."

"बस गाडीत."

सुटताना मागचा भाग दबेल तेवढा भार म्हणून माझे दोन्ही कट्टे मी त्याच्या डिक्कीत टाकले. तो स्टिअरिंगवर बसला. मी आडवा होऊन खाली बॅटरी मारली. एक्सल पाइपाला टेकला होता. जाळीवर नखाएवढी जागा घासून चकाकत होती. एकाच फेरीत, तीही गॅस नसताना.

तो खाली आला, पाहिलं, उठून हात पुसत राहिला.

"मही बायको म्हणे, त्या नळीचं दुसऱ्या कोणाले तं दाखव. मी म्हटलं, त्यानं मापलं म्हणजे झालं."

मी परत खाली शिरून क्लिपा सोडवायला लागलो.

घासलेला पाइप परत वापरायचा नाही असं मी सांगितलं. त्याच्याकडे दुसरा होता. चाचणी रद्द झाली. नवा पाइप आम्ही एक्सलवरून नेलाच नाही. डाव्या चासीच्या आतल्या खोबणीतून वळवला, तिथे एक्सल पोचत नाही. पाइप चौदा सेंटिमीटर जास्त लागला, नव्यात शिल्लक तीस होते. सगळं काम गाडी चाकांवर, गहू डिक्कीत आणि तो आत बसलेला असताना मापलं. सगळ्यात जवळच्या जागीही एक्सल पाइपापासून नऊ सेंटिमीटर लांब होता.

मधे बायकोचा फोन आला. "निघालात का? पोरगा साडेबाराला क्लासहून आला, जेवायचा थांबलाय."

"आज नाही जमत."

"बरं," ती म्हणाली. "गव्हाची घाई नाही. दळलेलं आहे घरात." आणि फोन ठेवला.

पाचला काम झालं. मी आकडे वाचून दाखवले, आठ ठिकाणचे. नेहमीप्रमाणे तो मान डोलावेल असं वाटलं. त्यानं माझ्या हातातला टेप घेतला, गाडीखाली गेला आणि पहिल्यापासून मापायला लागला. आठही ठिकाणी मला आकडा न विचारता.

"नऊ," तो खालून म्हणाला. "बरोबर हाय."

तेच करायला हवं होतं, आणि ते मीच त्याला आधी सांगायला हवं होतं. मी बॅटरी धरून उभा होतो. तो बाहेर आला, टेप गुंडाळून माझ्या हातात दिला. शर्यतीला तो गॅरेजमधल्या दोघांना घेऊन गेला, आणि गाडी धड परत आली. आता काही फिट करायचं असलं की तो मला बोलावतो, माझं माप होऊ देतो, आणि मग स्वतः एकदा मापतो.